विश्वास आचरणात आणताना माझी जबाबदारी कोणती? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती विश्वास आणि रोजचे वागणे यांविषयी आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. जेथे ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत तेथे तसे नमूद केले आहे, आणि एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. "वैयक्तिक जबाबदारी" हा शब्द पवित्र शास्त्रात कोठे आहे? त्याचा ख्रिस्ती अर्थ काय?

हा शब्दप्रयोग जसाच्या तसा शोधायला गेल्यास हाती फारसे लागणार नाही. त्यामागची कल्पना मात्र पहिल्याच पुस्तकात आहे. मराठीतील "जबाबदारी" या शब्दात "जबाब" आहे आणि "उत्तरदायित्व" या शब्दात "उत्तर" आहे. जबाबदार माणूस म्हणजे ज्याला कोणीतरी विचारणारा आहे आणि ज्याने स्वतः उत्तर द्यायचे आहे असा माणूस. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव आदामाला विचारतो, "तू कोठे आहेस?", आणि चौथ्या अध्यायात तो भावाचा खून केलेल्या काइनाला विचारतो, "तुझा भाऊ कोठे आहे?" आदाम पत्नीकडे बोट दाखवतो, आणि ती देवानेच दिलेली असल्याचे सांगून थोडा दोष देवाच्याही पदरात टाकतो, हव्वा सापाकडे बोट दाखवते, काइन तर आपण भावाचे राखणदार आहोत काय, असा उलट प्रश्न करून मोकळा होतो. ख्रिस्ती जबाबदारीचा सारा विषय या दोन प्रश्नांत मावतो, असे आम्हांला वाटते: एक माझ्याविषयीचा, दुसरा माझ्या भावाविषयीचा, आणि दोन्हींना उत्तर देणारा मीच.

2. तारण जर कृपेने मिळते, तर माझ्यावर काही जबाबदारी उरतेच कशाला?

आमच्याकडे सर्वांत अधिक वेळा आलेला प्रश्न हाच आहे. तारण कमावता येत नाही, हा ख्रिस्ती श्रद्धेचा पाया आहे आणि त्यात तडजोड नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील 8 व 9 ही वचने त्यासाठी नेहमी सांगितली जातात. अडचण एवढीच की वाचन बहुधा तेथेच थांबते. दहावे वचन म्हणते की ख्रिस्त येशूच्या ठायी आपली निर्मिती सत्कृत्यांसाठी झाली आहे. कृत्यांमुळे तारण नाही, पण कृत्यांसाठी तारण आहे. "मुळे" आणि "साठी" या दोन लहानशा अव्ययांत जी गल्लत होते, तिच्यातून एकीकडे पुण्याचा हिशेब मांडणारा धर्म निर्माण होतो आणि दुसरीकडे हात जोडून स्वस्थ बसणारा.

फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात (वचने 12 व 13) या पत्रांचा लेखक प्रेषित पौल वाचकांना आपले तारण भीत व कापत साधून घेण्यास सांगतो आणि लगेच कारण देतो: इच्छा व कृती या दोन्ही गोष्टी तुमच्या ठायी देवच घडवून आणत आहे. सहसा आपण ही वाक्ये "जरी" आणि "तरी" लावून वाचतो. पौलाने मात्र त्यांना "कारण" या शब्दाने जोडले आहे. देव काम करीत आहे म्हणूनच माझ्या कामाला अर्थ आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे.

मंडळीच्या इतिहासात हा वाद जुना आहे. माणसाला स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळता येतात, असे मानणाऱ्या पेलागियसच्या मताला संत ऑगस्टीन यांनी कडाडून विरोध केला आणि 418 साली कार्थेज येथील धर्मसभेने ते मत अमान्य ठरवले. पुढे 529 साली ऑरेंज येथील धर्मसभेने विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो असे सांगितले. परंतु त्याच सभेने असेही म्हटले की बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांना ख्रिस्ताच्या साहाय्याने, निष्ठेने परिश्रम केल्यास, तारणासाठी आवश्यक ते पाळता येते आणि त्यांनी ते पाळले पाहिजे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 साली "स्वस्त कृपा" असा शब्द वापरला तो पश्चात्तापाविना मागितलेल्या क्षमेसाठी आणि शिष्यत्वाविना मागितलेल्या कृपेसाठी. नाझी राजवटीने 1945 च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिली, हे लक्षात घेतले म्हणजे "स्वस्त" या शब्दाला किती धार होती हे कळते.

3. पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कृत्यांनी. मग कोणाचे ऐकायचे?

दोघांचेही. दोघेही उदाहरण अब्राहामाचेच देतात, पण त्याच्या आयुष्यातील वेगवेगळ्या क्षणांकडे पाहतात. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातील अब्राहाम दाखवतो, ज्याच्याकडे देवाच्या वचनावर भरवसा ठेवण्यापलीकडे काहीच नव्हते. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील, आपला पुत्र इसहाक याला अर्पण करण्यास निघालेला अब्राहाम दाखवतो, म्हणजे पहिल्या विश्वासाचे अनेक वर्षांनंतरचे रूप. शिवाय याकोब ज्या "विश्वासा"वर टीका करतो तो नुसता होकार आहे. देव एक आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे तो उपरोधाने म्हणतो. पौलाने अशा होकाराला विश्वास हे नाव कधी दिले नसते.

या प्रश्नावरून सोळाव्या शतकात पाश्चात्त्य मंडळी दुभंगली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक मंडळी आणि लुथेरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणा केली. सर्व मतभेद त्यामुळे मिटले नाहीत. पण स्वीकार केवळ कृपेने होतो आणि सत्कृत्ये ही त्याची फळे आहेत, एवढे दोन्ही बाजूंनी एकत्र म्हटले.

4. मी ख्रिस्ती घरात जन्मलो आणि लहानपणीच माझा बाप्तिस्मा झाला. तेवढे पुरेसे नाही का?

विश्वासाचे वातावरण वडिलोपार्जित असू शकते. विश्वास तसा नसतो. यहेज्केलाच्या काळी बंदिवासात गेलेल्या लोकांत एक म्हण रूढ होती की बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. संदेष्टा अठराव्या अध्यायात ही म्हण बंद करण्यास सांगतो, आणि ती दोन्ही बाजूंनी बंद करतो: बापाचा दोष मुलाच्या माथी लागणार नाही, तसेच बापाची नीतिमत्ताही मुलाच्या नावावर जमा होणार नाही. पहिला अर्धा भाग ऐकून दिलासा वाटतो; दुसरा सहसा कोणी उद्धृत करीत नाही.

बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथांतही हे गृहीत आहेच. बालकाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता वचन देतात ते ते मूल पुढे स्वतः ते वचन उच्चारील या अपेक्षेने, आणि अनेक पंथांत दृढीकरणाच्या वेळी तो प्रसंग येतो. बॅप्टिस्ट परंपरा स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देते. पद्धत कोणतीही असो, "तू कोठे आहेस?" हा प्रश्न एकवचनी आहे.

5. गलतीकरांस पत्रात एकदा "एकमेकांची ओझी वाहा" म्हटले आहे आणि लगेच "प्रत्येकाने स्वतःचा भार वाहावा" असेही म्हटले आहे. हा विरोध नाही का?

ही दोन्ही वाक्ये सहाव्या अध्यायात, दुसऱ्या आणि पाचव्या वचनांत आहेत. तीन वचनांच्या अंतरात लेखक स्वतःचेच म्हणणे खोडून काढील हे संभवत नाही. मूळ ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातील "बारोस" म्हणजे दाबून टाकणारे वजन. पाचव्या वचनातील "फोर्तिओन" म्हणजे ज्याने त्याने वाहायचा बोजा, प्रवाशाच्या पाठीवरील गाठोड्यासारखा. आपले ओझे हलके आहे असे येशू मत्तयाच्या अकराव्या अध्यायात म्हणतो, तेथेही हाच दुसरा शब्द आहे. मात्र या भेदावर फार मोठी इमारत उभी करू नये, कारण परूशी हे धर्मपुढारी इतर लोकांवर जी जड ओझी लादतात त्यांच्यासाठीही मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात तोच शब्द आला आहे. येथे अर्थ ठरतो तो मुख्यतः संदर्भावरून: चौथ्या वचनात पौल प्रत्येकाला स्वतःचे काम पारखण्यास सांगत आहे.

व्यवहारात याचा उपयोग असा. आजार, वियोग, अचानक आलेले दारिद्र्य, एखाद्या पापात अडकून पडणे ही एकट्याने पेलण्याची वजने नव्हेत, आणि ती पाहून "ज्याचे त्याने बघावे" असे म्हणणारा काइनाचेच वाक्य बोलत असतो. याउलट माझी प्रार्थना, माझा शब्द पाळणे, माझा राग आवरणे, माझ्या चुकीची कबुली हे गाठोडे माझ्याच पाठीवरचे आहे. ते प्रेमळ पत्नी, समजूतदार पाळक किंवा भाविक आई यांच्या खांद्यावर सरकवता येत नाही. जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, हे थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रातील वाक्यही असेच नीट वाचावे. तेथे इच्छा नसणाऱ्याविषयी बोलले आहे. काम न मिळणाऱ्याविषयी किंवा ते करण्याची शक्ती नसणाऱ्याविषयी नव्हे. गरजूला दार बंद करण्यासाठी हे वचन वापरणाऱ्यांनी ते पुन्हा एकदा उघडून पाहावे.

6. देवाने क्षमा केल्यावर ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे जाण्याची गरज उरते का?

उरते. येशूने डोंगरावरील प्रवचनात क्रमही सांगितला आहे: वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग परत यावे. मोशेच्या नियमशास्त्रात (गणना, अध्याय 5) अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि तिचा पाचवा हिस्सा परत करायचा होता. जकातदार जक्कय त्याहून बराच पुढे गेला. अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे त्याने कबूल केले. येशू त्याच्या घरी उतरला तो या घोषणेनंतर नव्हे, आधी. भरपाई हे क्षमेचे मूल्य नसून क्षमा मनापर्यंत पोहोचल्याची खूण आहे.

अपवादही आहेत. संबंधित व्यक्ती हयात नसेल, किंवा आपल्या भेटीने तिची जखम पुन्हा उघडणार असेल, तर केवळ आपल्या मनाचा भार हलका करण्यासाठी तिच्या दारी जाणे हाही एक प्रकारचा स्वार्थच होय. अशा वेळी विश्वासू मार्गदर्शकाचा सल्ला घेऊन भरपाईचा दुसरा मार्ग शोधावा.

7. पापकबुली धर्मगुरूंकडेच द्यावी लागते का?

हे आपल्या पंथावर अवलंबून आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत तो संस्कार आहे. पाश्चात्त्य मंडळीत 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा कबुली देणे बंधनकारक केले. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत थेट देवाजवळ आणि उपासनेत सामुदायिक कबुली दिली जाते. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगतो, ही गोष्ट मात्र सर्वांनाच लागू आहे. कबुली कोठेही दिली, तरी प्रश्न 6 मधील भरपाई टळत नाही.

8. सैतानाने मोहात पाडले, परिस्थितीच तशी होती. मग दोष माझा कसा?

मोह होणे हा दोष नव्हे. येशूलाही मोह झाला. याकोबाच्या पहिल्या अध्यायात मात्र, देव मला मोहात पाडत आहे असे कोणी म्हणू नये, असे सांगून माणूस स्वतःच्याच वासनेने ओढला जातो असे म्हटले आहे. परिस्थितीमुळे दोषाचे वजन कमी-अधिक होते, हे खरे. ज्याला पुष्कळ दिले आहे त्याच्याजवळून पुष्कळ मागितले जाईल, या लूककृत शुभवर्तमानातील (अध्याय 12) वाक्यात ते मान्यच केले आहे. पण वजन कमी होणे वेगळे आणि सही दुसऱ्याची असणे वेगळे. दावीद राजाने दुसऱ्याच्या पत्नीशी व्यभिचार केला आणि तिच्या नवऱ्याचा घात करवला, तेव्हा त्याच्याकडे राजसत्ता, एकांत आणि संधी ही सगळी परिस्थिती होती. नाथान संदेष्ट्याने "तो मनुष्य तूच आहेस" असे म्हटल्यावर त्याने त्यांतील एकाचेही नाव घेतले नाही. "मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे," एवढेच तो म्हणाला.

9. माझे मन मला खात नाही, पण मंडळी एखादी गोष्ट चूक म्हणते. मी कोणाचे मानावे?

सद्सद्विवेकबुद्धीला ख्रिस्ती परंपरेत फार मोठा मान आहे. जे विश्वासाने केलेले नाही ते पाप आहे, असे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी तर चुकलेली सद्सद्विवेकबुद्धीसुद्धा बांधील करते असे प्रतिपादिले. म्हणजे जे मला मनापासून पाप वाटते ते मी करू नये. पण त्यांनी दुसरी बाजूही मांडली: जे जाणून घेणे माझे कर्तव्य होते ते मी आळसाने किंवा हेतुपुरस्सर जाणून घेतले नसेल, तर "मला ते चूक वाटले नाही" ही सबब चालत नाही. मन न खाणे हे निर्दोषपणाचे लक्षण असू शकते आणि बधिरपणाचेही. म्हणून मंडळीशी मतभेद झाला तर तिचे म्हणणे आधी पूर्णपणे समजून घ्यावे, वचन वाचावे, आपल्याला सोयीचे बोलणार नाही अशा एखाद्याला विचारावे, आणि त्यानंतर जे ठरेल त्याची जबाबदारी स्वतः घ्यावी.

ज्या बाबी खरोखर ऐच्छिक आहेत, त्यांत आणखी एक विचार करावा लागतो. मूर्तीला दाखवलेले मांस खाण्याची आपल्याला मोकळीक आहे हे पौल मान्य करतो, पण दुर्बल भावाला त्यामुळे अडखळण होत असेल तर आपण ते कधीही खाणार नाही असे म्हणतो (करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 8). उत्पत्तीमधला दुसरा प्रश्न (प्रश्न 1) येथे परत येतो.

10. "दोष काढू नका" अशी आज्ञा असताना दुसऱ्याची चूक दाखवणे योग्य आहे का?

मत्तयाच्या सातव्या अध्यायातील ती आज्ञा पाचव्या वचनापर्यंत वाचावी: आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यास तुला नीट दिसेल. कुसळ काढायचे नाही असे तेथे म्हटलेले नाही. अठराव्या अध्यायात रीतही आहे: प्रथम एकांतात, मग एकदोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. प्रत्यक्षात हा क्रम पुष्कळदा उलटा चालतो आणि संबंधित माणसाला सर्वांत शेवटी कळते.

11. आमचे पाळकच चुकीचे वागत असतील तर? किंवा वरिष्ठांनी खोटे काम सांगितले तर?

आज्ञापालनाला मर्यादा आहे. आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे पेत्र व इतर प्रेषित यहूदी धर्मसभेसमोर म्हणाले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5), आणि ती धर्मसभा त्यांच्याच समाजाची होती. वरिष्ठांनी सांगितले म्हणून खोटी नोंद केली, तर सांगणाऱ्याचा दोष मोठा असेल. हात मात्र माझा असतो. नकार नम्रपणे द्यावा आणि त्याची किंमत मोजण्याची तयारी ठेवावी.

पाळकांच्या बाबतीत मतभेद आणि अपराध यांत भेद करावा. प्रवचन न आवडणे, निर्णय न पटणे यांसाठी प्रश्न 10 मधील मार्ग पुरेसा आहे. परंतु बालकांचा किंवा असहाय व्यक्तींचा छळ, लैंगिक अत्याचार किंवा निधीचा अपहार यांसारख्या बाबी मंडळीच्या चार भिंतींत मिटवण्याच्या नव्हेत. त्या कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे नेल्याच पाहिजेत. "मंडळीची बदनामी होईल" हे कारण देणारे लोक क्षमा आणि लपवाछपवी यांची गल्लत करीत असतात. पीडिताने क्षमा करावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार इतर कोणाला नाही.

12. दशांश देणे सक्तीचे आहे का?

जुन्या करारात तो नियम होता. नव्या करारात कोणत्याही मंडळीला ठरावीक टक्केवारी घालून दिलेली नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खेदाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात सांगतो. अनेक मंडळ्या दहावा हिस्सा हे मोजमाप म्हणून पाळतात आणि ते चांगलेच आहे. मात्र देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात फटकारले आहे, हे विसरू नये.

13. मी घरीच प्रार्थना करतो. मंडळीत जाणे आवश्यक आहे का?

वैयक्तिक जबाबदारी आणि एकांडेपणा यांत घोटाळा होतो तो येथे. एकत्र मिळणे सोडू नका, असे इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात म्हटले आहे, आणि त्याआधीच्या वचनात कारणही दिले आहे: एकमेकांना प्रीती व सत्कर्मे करण्यास उत्तेजन मिळावे म्हणून. एकट्याला कोणी विचारणारे नसते. 1742 साली ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी मेथॉडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांचे सुमारे बाराजणांचे गट पाडण्यात आले. दर आठवड्याला वर्गणी मागायला जाणाऱ्या गटप्रमुखांना लोकांच्या घरातील खऱ्या अडचणी आणि पापे कळू लागली, आणि बघता बघता वर्गणीच्या त्या व्यवस्थेतून परस्परांना जाब देण्याची मेथॉडिस्ट गटांची पद्धत उभी राहिली. आजारपण, अंतर किंवा छळाची भीती यांमुळे ज्यांना जाता येत नाही, त्यांच्याकडे मंडळीने जावे. तेथे जबाबदारीची दिशा बदलते.

14. नैराश्यामुळे माझ्याकडून प्रार्थनाच होत नाही. हा माझ्या विश्वासाचा दोष आहे का?

नाही. एलीया संदेष्ट्याने रानात मरण मागितले (राजे पहिले पुस्तक, अध्याय 19) तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिले नाही. देवदूताने दोनदा उठवून खायला आणि प्यायला दिले आणि मधल्या वेळात त्याला झोपू दिले. प्रश्न नंतर विचारला गेला. पक्षाघाती मनुष्याला चौघांनी खाटेसह छपरातून खाली सोडले, तेव्हा येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असे मार्क लिहितो. प्रश्न 5 मध्ये ज्याला "बारोस" म्हटले ते हेच ओझे. उपचार घेणे, औषध वेळेवर घेणे, जवळच्या एका माणसाला खरे सांगणे एवढी आपली जबाबदारी आज पुरेशी आहे, आणि तेही जमत नसेल त्या दिवशी दुसऱ्याला खाट उचलू द्यावी.

15. आमच्या प्रौढ मुलांनी विश्वास सोडला. देव आम्हांला जाब विचारील का?

मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण दिले तर तो वृद्धपणीही त्यापासून ढळणार नाही, हे नीतिसूत्र आहे, हमीपत्र नव्हे. याजक एलीच्या मुलांबद्दल एलीला दोष दिला गेला तो त्याने त्यांना वेळीच आवरले नाही म्हणून. शमुवेल संदेष्ट्याचे मुलगेही लाच घेऊ लागले, पण त्याबद्दल शमुवेलाला दोषी ठरवल्याचे शास्त्रात कोठे नाही. जाब विचारला जातो तो आपल्या हाती असलेल्या गोष्टींचा: शिकवले का, स्वतः तसे वागलो का, चुकलो तेथे मुलांची क्षमा मागितली का. प्रौढ मुलाचा निर्णय त्याचा असतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बापाने मुलाला जाऊ दिले आणि तो दूर असतानाच त्याला पाहिले, म्हणजे त्याची नजर वाटेवर होती.

16. पूर्वजांनी केलेल्या अन्यायाची जबाबदारी माझ्यावर कशी येते?

यहेज्केलाच्या नियमानुसार (प्रश्न 4) त्यांचा दोष माझ्यावर येत नाही. तरीही नहेम्या आपल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आणि दानीएल आपल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात पूर्वजांच्या पापांची कबुली "आम्ही" म्हणून देतात. दोष आणि वारसा या वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यावरून दिसते. अन्याय मी केला नसेल, पण त्याचा लाभ आजही माझ्याकडे येत असेल, तर तो ठेवायचा की परत करायचा हा निर्णय माझा आहे, आणि त्याचे उत्तर पूर्वज देणार नाहीत.

17. आयुष्यभर मनाला येईल तसे जगून शेवटच्या क्षणी पश्चात्ताप केला तर?

येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या अपराध्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले, तेव्हा असा पश्चात्ताप व्यर्थ आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही. पण जो आज बेत करून तो क्षण पुढे ढकलतो, तो पश्चात्ताप करीत नसून सौदा करीत असतो, आणि शेवटचा क्षण आपल्याला ओळखू येईल असेही गृहीत धरतो. लूकाचा तेविसावा अध्याय सावकाश वाचला तर त्या अपराध्याने केवळ "माझी आठवण कर" एवढेच म्हटले नव्हते, हे दिसून येते. आपल्याला झालेली शिक्षा न्याय्य आहे असे त्याने उघडपणे कबूल केले, शेजारी निंदा करणाऱ्याला थांबवले, आणि येशूने काही अयोग्य केले नाही अशी साक्ष दिली. हातपाय खिळलेले असताना त्याच्याजवळ फक्त जीभ मोकळी होती.